दहा मिलिमीटरचे भोक

मार्च २००८ मध्ये टोयोटा कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या काही ग्राहकांपुढे एक अजब प्रस्ताव ठेवला. १९९५ ते २००० या काळात बनलेल्या ज्या टॅकोमा पिकअपच्या चासीला गंजून भोके पडली असतील, ती गाडी कंपनी परत विकत घेईल, आणि तीही बाजारभावाच्या दीडपट पैसे मोजून. हा बाजारभावही गाडी उत्तम स्थितीत आहे असे धरून काढायचा होता. आठ ते तेरा वर्षे राबलेल्या या गाड्या कंपनी पुन्हा विकणार नव्हती, त्या थेट भंगारात जाणार होत्या. शिवाय गंजाविरुद्धची हमी पंधरा वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. गाडी किती चालली आहे, ही अटही त्यात नव्हती.

कोणतीही कंपनी असा पैसा सहजासहजी सोडत नाही. या गाड्यांच्या खाली जे चालले होते ते दुरुस्तीच्या पलीकडे गेले होते. टॅकोमा ही ‘मरत नाही’ अशी ख्याती असलेली गाडी. तिचे इंजिन खरोखरच दोन-तीन लाख मैल कुरकुर न करता चालायचे. त्या इंजिनाला, केबिनला आणि चाकांना एकत्र धरून ठेवणारा पोलादी सांगाडा मात्र आतून सडत होता. गाडी लिफ्टवर चढवली की मेकॅनिकचे बोट चासीतून आरपार जायचे.

जुन्या पिकअपचा गंज आणि त्यामुळे होणारी सस्पेन्शनची मोडतोड हा प्रश्न एका कंपनीपुरता किंवा एका मॉडेलपुरता नाही. गेल्या वीस वर्षांत टोयोटा, फोर्ड, जनरल मोटर्स, डॉज, निस्सान अशा बहुतेक मोठ्या कंपन्यांना त्याची कुठल्या ना कुठल्या रूपात झळ बसली आहे. या साऱ्या प्रकरणांत एकच वाद पुन्हापुन्हा उभा राहतो. गंज हा म्हातारपणाचा भाग, की कारखान्यातून आलेला दोष? म्हातारपण म्हटले तर खर्च आणि धोका दोन्ही मालकाचे. दोष म्हटले तर ते कंपनीचे. या दोहोंमधली रेषा कोण ठरवते आणि कशाच्या आधारे, यावर रस्त्यावरच्या लाखो लोकांचा जीव अवलंबून आहे.

आधी गाडीची घडण पाहू. आजकालच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते. पत्र्याचे अंग हेच सांगाड्याचे काम करते. पिकअपचे तसे नाही. दोन लांब पोलादी दांडे, त्यांना जोडणारे आडवे दांडे, असा शिडीसारखा सांगाडा खाली असतो आणि त्यावर केबिन व मागचा हौदा बोल्टने बसवलेला असतो. इंजिन, डिझेल-पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, पुढचे कंट्रोल आर्म, मागच्या कमानी, स्टिअरिंगचा बॉक्स हे सगळे याच सांगाड्याला लटकलेले. त्यामुळे दाराचा किंवा मडगार्डचा पत्रा सडला तर गाडी कुरूप दिसते, एवढेच. चासी सडली तर टाकीपासून चाकापर्यंत प्रत्येक गोष्टीचा आधार जातो. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० ला अॅल्युमिनियमचे अंग दिले, पण चासी पोलादाचीच ठेवली. वरून चकचकीत दिसणारी गाडी खालून कुठल्या अवस्थेत आहे, याचा अंदाज त्यामुळे आणखीच कठीण झाला.

गंजाचे मुख्य कारण आहे मीठ. अमेरिकेच्या ईशान्येला आणि ग्रेट लेक्सच्या आसपास हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ गोठू नये म्हणून मीठ टाकतात. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ च्या सुमारास हा प्रयोग केला, आणि महायुद्धानंतर महामार्गांचे जाळे वाढले तशी ती सर्वत्र पद्धतच झाली. आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडते. मिनेसोटापासून मेनपर्यंतच्या या पट्ट्याला तिथे ‘सॉल्ट बेल्ट’, म्हणजे मीठपट्टा, म्हणतात. त्यात पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मिशिगन, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स ही दाट वस्तीची राज्ये येतात, आणि मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेले न्यू जर्सीही येते.

मीठ स्वतः लोखंड खात नाही. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतोच. मीठ विरघळलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे ही क्रिया झपाट्याने होते, आणि मिठातले क्लोराइड पोलादावरचा संरक्षक थर जागोजागी फोडते. अलीकडे साध्या मिठासोबत मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइडची द्रावणे फवारतात. ती अधिक थंडीतही काम करतात, पण हवेतली ओल खेचून घेतात, म्हणून गाडीचा तळ सहसा वाळतच नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. कडाक्याच्या थंडीत गंज मंद असतो. तीच मिठाळलेली गाडी रात्री उबदार गॅरेजमध्ये ठेवली, तळाला चिकटलेला बर्फ वितळला, की गंजाला हवे ते सगळे मिळते. गाडीची काळजी घ्यायची म्हणून आत ठेवणाऱ्याची गाडी कधीकधी बाहेर ठेवणाऱ्यापेक्षा लवकर सडते, ती यामुळे.

‘एएए’ या अमेरिकी वाहनचालकांच्या संघटनेने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, रस्त्यावरच्या मिठामुळे होणाऱ्या गंजाच्या दुरुस्तीवर तिथले चालक वर्षाला सुमारे तीन अब्ज डॉलर खर्च करतात. हा आकडा दुरुस्तीचा आहे. दुरुस्ती न झाल्यामुळे काय घडते, ते त्यात मोजलेले नाही.

चासीचा दांडा अनेक ठिकाणी पेटीसारखा बंद असतो. त्यात पाणी निचरावे म्हणून भोके ठेवलेली असतात. कच्च्या रस्त्यावरचा चिखल, वाळू, पाला त्या भोकांतून आत जातो आणि भोके बुजतात. मग मिठाळ चिखलाचा लगदा त्या पेटीत महिनोन्‌महिने साचून राहतो. रंग असतो बाहेरून, आत तो नीट पोहोचलेलाच नसतो. त्यामुळे चासी आतून बाहेर सडत येते. बाहेरच्या बाजूला पहिला फुगवटा दिसतो तेव्हा आतले बरेचसे पोलाद गेलेले असते. मूळ पत्रा असतो तीनेक मिलिमीटरचा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो थराथराने फुगतो आणि चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखा सुटून हातात येतो. दोन पत्रे एकावर एक वेल्ड केलेले असतात तिथे, कमानीचा हँगर चासीला जोडलेला असतो तिथे आणि मागच्या आडव्या दांड्यावर हे सर्वांत आधी होते. भार सर्वांत जास्त असतो तोही नेमका याच जागी.

अनुभवी मेकॅनिकला हे ओळखायला यंत्र लागत नाही. तो गाडी लिफ्टवर घेतो, हातात छोटी हातोडी घेतो आणि पुढून मागे दांड्यावर टकटक करत जातो. धड पोलाद खणखणीत वाजते. सडलेल्या जागी आवाज बद्द होतो, आणि भोकातून तपकिरी चुरा खाली सांडतो. मग तो तीक्ष्ण पेचकस टेकवून दाबतो. टोक आत गेले, तर बाहेरचा रंग शाबूत असला तरी त्या जागी सांगाडा उरलेला नाही. ही तपासणी पाच-दहा मिनिटांची आहे. ती कुणी करतच नाही, हा खरा प्रश्न.

टोयोटाच्या तपासणीत हातोडीच्या जोडीला एक माप होते. चासीला दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठे आरपार भोक सापडले, तर गाडी भरपाईला पात्र. त्याहून लहान असेल, तर गंजरोधक लेप मारून गाडी परत. माप ठरवणे गरजेचे होते हे मान्य केले पाहिजे. कुठेतरी रेघ ओढल्याशिवाय एवढ्या गाड्यांचा निवाडा होत नाही. पण नऊ मिलिमीटरच्या भोकाभोवतीचा पत्रा किती पातळ झाला आहे, हे ते माप सांगत नाही. भोक मोजता येते, उरलेली ताकद नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

पहिल्या योजनेनंतर २००१ ते २००४ च्या टॅकोमाही गंजाच्या कार्यक्रमात आल्या. अशा अनेक गाड्यांच्या बाबतीत परत खरेदीऐवजी अख्खी चासी बदलून द्यायला सुरुवात झाली. हे काम सोपे नाही. केबिन आणि हौदा उचलायचा, इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, ब्रेकच्या नळ्या सोडवायच्या आणि नव्या सांगाड्यावर सगळे पुन्हा बांधायचे. बोल्ट गंजून जाम झालेले असतात, ते गॅसकटरने कापावे लागतात. टोयोटाचे म्हणणे असे होते की काही चासींना पुरेसे गंजसंरक्षण मिळालेले नसावे. या चासी डाना या अमेरिकी पुरवठादार कंपनीने बनवल्या होत्या, आणि २०११ च्या सुरुवातीला डानाने हा वाद मिटवण्यासाठी टोयोटाला अडीच कोटी डॉलर द्यायचे मान्य केले. गंज म्हणजे निव्वळ हवामान आणि म्हातारपण असते, तर एका कंपनीने दुसरीला हे पैसे दिले नसते.

टॅकोमाची मोठी बहीण म्हणजे टंड्रा. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे एनएचटीएसएने, २०००-२००१ च्या टंड्राच्या चासीची चौकशी सुरू केली. पुढच्याच महिन्यात टोयोटाने थंड हवामानाची वीस राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन इथल्या २०००-२००३ च्या सुमारे १ लाख १० हजार टंड्रा परत बोलावल्या. मागचा आडवा दांडा गंजून सुटला, तर त्याला टांगलेले स्टेपनीचे चाक धावत्या गाडीतून रस्त्यावर पडू शकत होते. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या किंवा छोट्या मोटारीच्या पुढ्यात अख्खे चाक पडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. त्याच भागात मागच्या ब्रेकच्या नळ्याही बसवलेल्या होत्या, त्यामुळे मागचे ब्रेक जाण्याची शक्यताही नोंदवली गेली. नोव्हेंबर २०१२ मध्ये स्टेपनीच्याच कारणाने २००१-२००४ च्या सुमारे दीड लाख टॅकोमांची पाळी आली.

यापुढची पिढी तरी सुटेल अशी आशा होती. तसे झाले नाही. २००५-२०१० च्या टॅकोमा, २००७-२००८ च्या टंड्रा आणि २००५-२००८ च्या सेक्वोया या गाड्यांच्या मालकांनी कॅलिफोर्नियातल्या संघराज्य न्यायालयात सामूहिक दावा लावला. नोव्हेंबर २०१६ मध्ये तडजोड पुढे आली. सुमारे १५ लाख गाड्यांची मोफत तपासणी आणि लागेल तिथे नवी चासी. एका चासीचा खर्च अंदाजे १५ हजार डॉलर धरला होता आणि सगळ्याचे मोल ३.४ अब्ज डॉलरपर्यंत जाईल असे न्यायालयापुढे मांडले गेले. मुदत मात्र गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून बारा वर्षांची. तेराव्या वर्षी ज्याच्या चासीला भोक पडले त्याने काय करायचे, याचे उत्तर त्या तडजोडीत नव्हते.

सस्पेन्शनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. तिथे कधी गंज एकटा असतो, कधी धातूची थकवा-मोड त्याच्या साथीला असते, तर कधी गंजाचा संबंधच नसतो.

पिकअपच्या मागे कमान असते. एकावर एक रचलेले पोलादी पाटे, मधोमध सेंटर बोल्ट, यू-बोल्टने अॅक्सलला आवळलेले. बिनगंजी चांगल्या पोलादाला ताणाची एक मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आत ते कितीही वेळा वाकवले तरी सहसा तुटत नाही. खारट ओलीत ही मर्यादाच नाहीशी होते. दोन पाट्यांच्या फटीत मिठाळ पाणी आणि वाळू शिरते, पाटे एकमेकांवर घासतात, रंग जातो, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. प्रत्येक खड्ड्यात ताण एकवटतो आणि तिथून चीर सुरू होते. रोजच्या साध्या खड्ड्यांनी ती चीर रोज थोडी वाढते. एके दिवशी पाटा तुटतो. बहुधा मोठ्या दणक्याने नाही, नेहमीच्याच रस्त्यावर.

ऑक्टोबर २०१४ मध्ये टोयोटाने अमेरिकेत २००५-२०११ च्या सुमारे ६ लाख ९० हजार टॅकोमा याच कारणाने परत बोलावल्या. तुटलेला पाटा जागेवरून सरकून पेट्रोलच्या टाकीला लागू शकतो, टाकी गळू शकते, आणि गळतीला ठिणगी मिळाली की आग. शिवाय कमान फक्त भार झेलत नाही, ती अॅक्सल जागेवर धरते. मुख्य पाट्याचे पुढचे टोक किंवा चासीवरचा त्याचा हँगर गेला, तर मागचा अॅक्सल एका बाजूने मागे सरकतो, गाडी तिरकी चालू लागते आणि ब्रेक मारताच फिरते. फोर्ड आणि शेव्रोलेच्या मोठ्या पिकअपमध्येही मागचे शॅकल आणि हँगर, म्हणजे कमान चासीला जोडणारे भाग, सडण्याचे प्रकार मीठपट्ट्यात इतके सर्रास घडतात, की बाहेरच्या कंपन्या त्यांचे बदलीचे संच खास बनवून विकतात.

पुढच्या चाकांचा धोका बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे चाक आणि कंट्रोल आर्म जोडणाऱ्या गोळा-वाटीच्या सांध्यात असतो. २००५ मध्ये टोयोटाने टॅकोमा, टंड्रा, सेक्वोया आणि फोररनर मिळून अमेरिकेत सुमारे पावणेआठ लाख गाड्या परत बोलावल्या. खालच्या बॉल जॉइंटच्या गोळ्यावर कारखान्यातच ओरखडे राहिले होते, त्यामुळे तो लवकर झिजत होता. या गाड्यांत खालच्या जॉइंटवर गाडीचा भार ओढ म्हणून येतो. जॉइंट झिजला की गोळा वाटीतून निसटतो, चाक आडवे होते आणि मडगार्डमध्ये घुसते. डॉजच्या डुरँगो आणि डकोटाच्या चारचाकी-चालन गाड्यांत वरच्या बॉल जॉइंटचे असेच झाले. डिसेंबर २००४ मध्ये जवळपास सहा लाख गाड्या त्यासाठी बोलावल्या गेल्या. इथे दोष गंजाचा नव्हता. पण जॉइंटचे रबरी बूट फाटले की मिठाचे पाणी ग्रीसमध्ये मिसळते, आणि झीज आणि गंज यांची कामे वेगळी राहत नाहीत.

दोष दडवला किंवा लांबवला तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण स्टिअरिंगचे आहे. टोयोटाच्या १९८९-१९९५ च्या पिकअप आणि फोररनर यांच्या स्टिअरिंगचा रिले रॉड, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा, थकव्याने तुटत होता. २००४ मध्ये कंपनीने जपानमध्ये याच पिकअपच्या तिथल्या आवृत्त्या, म्हणजे हायलक्स, परत बोलावल्या. अमेरिकेत असा प्रश्न नाही, असे तिथल्या यंत्रणेला कळवले. वर्षभराने, २००५ मध्ये, अमेरिकेतल्याही सुमारे दहा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. डिसेंबर २०१० मध्ये या उशिरासाठी कंपनीला सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरचा दंड भरावा लागला. त्या मधल्या वर्षात ज्यांच्या हातातले स्टिअरिंग मोकळे फिरले, त्यांना या दंडातून काही मिळत नाही. म्हणून उशीर हा स्वतंत्र गुन्हा मानला गेला, हे योग्यच झाले.

आता त्या मूळ वादाकडे वळू, कारण फोर्ड आणि जनरल मोटर्स यांची दोन प्रकरणे शेजारी ठेवली की तो लख्ख दिसतो.

फोर्डच्या १९९७ ते २००४ च्या एफ-१५० मध्ये पेट्रोलची टाकी दोन पोलादी पट्ट्यांवर झोपवलेली होती. मीठपट्ट्यात त्या पट्ट्या गंजून तुटत आणि टाकी रस्त्यावर घासत जाई. २०११ मध्ये एनएचटीएसएच्या चौकशीनंतर फोर्डने सुमारे ११ लाख गाड्या बोलावून पट्ट्या बदलल्या. पट्टी म्हणजे काही डॉलरचा भाग. तरी यंत्रणेने ‘गाडी जुनी झाली’ हे उत्तर स्वीकारले नाही.

जनरल मोटर्सच्या १९९९ नंतरच्या पिकअप आणि एसयूव्हींमध्ये ब्रेकच्या पोलादी नळ्या गंजून फुटत होत्या. पेडल दाबले की ते थेट तळाला जायचे. तक्रारी दोन हजारांहून अधिक होत्या, गाड्या पन्नास लाखांच्या घरात. २०१० मध्ये प्रकरण हाती घेऊन एप्रिल २०१५ मध्ये यंत्रणेने चौकशी बंद केली. निष्कर्ष असा की हा विशिष्ट दोष नाही. मीठपट्ट्यातल्या जुन्या गाड्यांत सात-आठ वर्षांनंतर असा गंज अनेक कंपन्यांच्या गाड्यांना येतो, ती आयुष्याच्या शेवटाची झीज आहे. मालकांना सल्ला दिला गेला तो असा: तळ धुवा, नळ्या तपासून घ्या, खपल्या दिसल्या तर सगळ्या नळ्या एकदम बदला.

सल्ला चुकीचा नव्हता. पण तो कुणाला दिला, हे पाहिले पाहिजे. बारा-पंधरा वर्षांची पिकअप नवी घेणाऱ्या माणसाकडे नसते. ती तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे असते, जो गवंडी असतो, झाडे तोडणारा असतो, हिवाळ्यात याच गाडीला फाळ लावून लोकांच्या अंगणातला बर्फ ढकलून चार पैसे मिळवतो. अमेरिकेतल्या गाड्यांचे सरासरी वय २०२४ मध्ये १२.६ वर्षांवर पोहोचले होते. म्हणजे ‘आयुष्याचा शेवट’ म्हणून जे वय धरले जाते, ते ओलांडलेल्या गाड्या आज रस्त्यावर मोठ्या संख्येने आहेत. सात-आठ वर्षांत ब्रेकची नळी फुटते हे उद्योगात सगळीकडे घडत असेल, तर त्यावरून उद्योगाचे मानक खाली असल्याचे सिद्ध होते, दोष नसल्याचे नव्हे. नायलॉनचा लेप दिलेल्या नळ्या नंतर सर्रास वापरात आल्या. म्हणजे उपाय होता, आणि परवडणाराही होता.

अटलांटिकच्या पलीकडेही हे चित्र दिसले. ब्रिटनमध्ये निस्सान नवाराच्या डी-४० या पिढीच्या गाड्या केबिन आणि हौद्याच्या मधोमध चासी गंजून अक्षरशः दुमडल्या. त्यांची छायाचित्रे वृत्तवाहिन्यांवर झळकली, मग कंपनीने तपासणीची मोहीम घेतली.

परत बोलावण्याच्या पद्धतीतही एक मोठी फट आहे. गंजाची मोहीम बहुधा मीठपट्ट्यातल्या राज्यांपुरतीच असते. पण गाड्या एका राज्यात राहत नाहीत. ओहायोत दहा हिवाळे काढलेली पिकअप लिलावात विकली जाते आणि कॅरोलायनातल्या गरम, कोरड्या भासणाऱ्या अंगणात उभी राहते. नव्या मालकाला मिठाचा इतिहास माहीत नसतो, आणि तिथल्या मेकॅनिकला गंज शोधायची सवय नसते. नोंदणीचा पत्ता बदलला तरी परत बोलावल्याचे पत्र पोहोचेल, याची खात्री नाही. शिवाय अमेरिकी कायद्याने परत बोलावलेल्या गाडीची मोफत दुरुस्ती पंधरा वर्षांपर्यंतच बंधनकारक आहे. २०१५ पर्यंत तर ती दहाच वर्षे होती. गंज नेमका या मुदतीच्या टोकाला पिकतो.

मग उरते ती नियमित तपासणी. ब्रिटनमध्ये तीन वर्षे झालेल्या गाडीची दरवर्षी एमओटी चाचणी होते. सस्पेन्शन, स्टिअरिंग किंवा सीटबेल्ट जिथे जोडलेले असतात त्या जागेपासून तीस सेंटिमीटरच्या आत गंभीर गंज सापडला, की गाडी नापास. हा नियम साधा आणि नेमका आहे. किती गंज आहे यापेक्षा तो कुठे आहे, याला त्यात महत्त्व आहे. जपानमध्ये ‘शाकेन’ आहे, नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. अमेरिकेत हे राज्याराज्यावर सोडलेले आहे. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स इथे वार्षिक तपासणी आहे. मिशिगन, ओहायो, मिनेसोटा ही मिठात बुडालेली राज्ये, पण तिथे खासगी गाडीची सुरक्षा तपासणी होत नाही. न्यू जर्सीने २०१० मध्ये खासगी मोटारींची यांत्रिक तपासणी बंद केली आणि फक्त धुराची ठेवली. टेक्ससने १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी रद्द केली. रस्त्यावर मीठ टाकण्याची सुरुवात करणाऱ्या न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळानेही २०२५ मध्ये ती संपवण्याचा कायदा केला. तपासणीच्या नावाखाली लोकांना नको ते पार्ट बदलायला लावतात, ही तक्रार खरी आहे आणि तिची दखल घ्यायला हवी. पण म्हणून गाडीखाली कुणीच पाहू नये, हे त्यावरचे उत्तर होत नाही.

दुरुस्तीच्या बाजारात सर्वांत घातक वस्तू आहे काळा रबरी रंग. गाडी विकण्याआधी सडलेल्या चासीवर त्याचा जाड थर मारला, की ती नव्यासारखी दिसते. आत अडकलेली ओल मग बाहेरच पडत नाही आणि गंज आणखी वेगाने चालतो. जुन्या पिकअपचा तळ संशय यावा इतका काळाभोर असेल, तर घेणाऱ्याने हातोडी मारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सडलेल्या जागी पत्र्याचा तुकडा वेल्ड करणे हाही सर्वत्र चालणारा उपाय. धड पोलादापर्यंत कापून, मूळ जाडीचा पत्रा घेऊन जाणकाराने केला तर तो टिकतो. पापुद्र्यावरच वेल्ड मारली, तर ती सडक्या पत्र्यालाच धरून बसते आणि शेजारून फाटते. ज्या गाड्या खरोखर वाचतात, त्यांच्या चासीच्या पेटीत दर हिवाळ्याआधी तेलाचा किंवा लॅनोलिनचा फवारा मारलेला असतो, निचऱ्याची भोके मोकळी ठेवलेली असतात आणि हिवाळाभर तळ धुतला जातो. हे काम मळकट आहे आणि दरवर्षी करावे लागते, तरी नव्या चासीच्या खर्चापुढे त्याचा खर्च किरकोळ आहे.

महाराष्ट्रात आणि गोव्यात रस्त्यावर कुणी मीठ टाकत नाही, पण मीठ गाडीखाली पोहोचतेच. रत्नागिरी, मालवण, हर्णै इथल्या बंदरांवरून मासळी नेणाऱ्या पिकअप आणि छोटे ट्रक बर्फाच्या पेट्यांतून निथळणारे खारट पाणी हौद्यातून थेट चासीवर आणि कमानींवर घेत धावतात. त्यात चार महिन्यांचा पाऊस, समुद्राची खारी हवा आणि पासिंगच्या वर भरलेला माल. पाट्यांच्या फटीत पाणी आणि वाळू शिरण्याची, त्यावर भाराने चीर वाढण्याची जी क्रिया ओहायोत घडते, तिला लागणारी सगळी सामग्री कोकणात बारा महिने हजर आहे. कोकणातल्या गॅरेजमध्ये ‘पाटा तुटलाय’ हे वाक्य नवे नाही. पाटा बदलला जातो. त्याला धरणारा हँगर आणि हँगरखालची चासी तपासली जातेच असे नाही.

भारतात मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांपेक्षा हा नियम कडक आहे. आता ही तपासणी स्वयंचलित केंद्रांकडे जात आहे. यंत्रे ब्रेकचा जोर, दिव्यांचा झोत आणि धूर अचूक मोजतील. चासीचा बद्द आवाज ऐकायला मात्र खड्ड्यात उतरून हातोडी मारणारा माणूसच लागेल, आणि किनारी जिल्ह्यांच्या केंद्रांत त्याची जागा पक्की असली पाहिजे. कमानीच्या हँगरपासून ठरावीक अंतरातला गंज म्हणजे नापास, असा ब्रिटनसारखा नेमका निकष इथेही लिहून ठेवता येईल.

परत बोलावण्याचा कायदाही भारतात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले, आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते, कंपनीला एक कोटी रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. ही तरतूद लागू होते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना. टोयोटाने परत घेतलेल्या त्या टॅकोमा आठ ते तेरा वर्षांच्या होत्या. भारताच्या या नियमात त्यांच्यातली एकही बसली नसती. मालवाहू पिकअपच्या चासी आणि सस्पेन्शनसाठी ही मुदत किमान पंधरा वर्षांची करावी, ही मागणी मच्छीमार सोसायट्यांनी आणि वाहतूकदारांच्या संघटनांनी केंद्र सरकारकडे लावून धरायला हवी.